लंडनातलं खळं

नाई नाई, बसा ना भाऊ, कोणासाठी जागा धरून नाई ठेवली — पिशवी उचलतो मी, बसा. चपला आहे तिच्यात. माह्या बुढीच्या, बायकोच्या. अंदर नेताना त्या नर्स पोरीनं तिच्या पायातल्या काढून माह्या हातात देल्ल्या, अन् बुढी झोपल्या झोपल्या — नाकाले नळी, छातीवर वायरी चिकटवलेल्या — म्हणते काय, तं चपला सांभाळजा, लंडनसारख्या हरवू नका. म्हनलं बाई, तू जीव सांभाळ, चपलायचं मी पाहतो. मंग डोळे मिटले तिनं, अन् पुन्हा उघडले. म्हणते, अन् मंजुषाले सांगजा नाई, तिची शर्यत होऊ द्या. असे दोन कामं सोपवून गेली मले. चपला सांभाळ अन् तोंड सांभाळ. चपला तं सांभाळून राह्यलो, तोंडाचं काई खरं नाई, तुम्ही पाहूनच राह्यले.

लंडन म्हनलं तं वळून पाह्यलं तुम्ही. गेलतो ना, मागच्या साली, याच दिवसायत. टोपीकडे पाहून वाटत नाई, मले मालूम आहे — विमानातल्या बाईलेही वाटलं नव्हतं. चंद्रभान म्हणते मले, देवळीच्या अलीकडे गाव आहे, भेंडी, वांगे, पालक लावतो अन् बजारात आणतो. पोरगी एकच, मंजुषा. शिकली, तिकडे नोकरीले लागली, जावई प्रफुल्लही तिकडचाच — म्हणजे आर्वीचा, पण आता तिकडचा. तिनं बोलावलं आम्हाले, अन् कायले बोलावलं, तं मी पळते कशी ते पाहाले या. हो, पळते माही पोरगी. एकवीस किलोमीटर. मागं कुत्रं नाई, समोर बस सुटत नाई, तरी पळते. एकटी पळती तं म्हनलं असतं ऊन लागलं पोरीले, पण तिथं ऊनही नाई अन् पुरं शहर पळते! म्हातारे पळते, जाड्या जाड्या बाया पळते, एक जण तं केळं होऊन पळत होता — केळं, भाऊ, पिवळं, वरतून देठ काढलेला — अन् त्याच्या मागं एक दाताचा बरश. बुढी मले म्हणे, यायच्या घरी यायले कोणी काई म्हणत नाई का हो?

हे पाहा. फोनावर हा निळा टिपका दिसते ना? हे माही पोरगी. आज तेच शर्यत आहे तिची, आत्ता, याच टाइमाले — आपल्याइकडे दुपार होऊन गेली, तिकडे आता सकाळ चालू आहे. प्रफुल्लनं तिकडून धाडलं, म्हणे बाबा हे दाबा, मंजुषा कुठी पोचली ते दिसन तुम्हाले. इंग्रजी मले येत नाई, मराठीही बोट ठेवून ठेवून वाचतो, पण टिपक्याले काय वाचाचं? हालते तवा पळून राह्यली. एक डोळा टिपक्यावर, एक डोळा त्या दरवाज्यावर. दोघी दोन रस्त्यानं लागल्या अन् मी बसलो बाकावर पिशवी घेऊन.

सकाळी चहा ठेवला होता तिनं. मी गोठ्यात. भांडं पडल्याचा आवाज आला, मी म्हनलं मांजर असन, हाड्‌ हाड्‌ केलं बसल्या जागून — अन् आवाज आला, हाड्‌ काऊन करता, मी आहो. चुलीपाशी बसलेली, घामानं लुगडं ओलं. आमचे शेजारी प्रभाकरराव, त्यायनं गाडीत घातलं अन् इथं सावंगीच्या दवाखान्यात आणलं. आता ते खाली औषधं आणाले गेले. डॉक्टर म्हणे नस बंद झाली बाबा, हातातून तार घालून स्प्रिंग बसवतो. मी इचारलं, पंपात बसवते तशी का साहेब? तं डॉक्टर हासला, म्हणे तशीच समजा. हासला म्हणजे चांगलंच असते ना? भेव असतं तं हासला नसता. तुम्हाले काय वाटते? — नका सांगू, राहू द्या.

तं लंडनचं सांगत होतो. प्रफुल्लनं आम्हाले रस्त्याच्या काठावर उभं केलं, हातात फुटाण्याची अन् खजुराची पिशवी देल्ली, म्हणे मंजुषा इथून जाईन तवा हे तिच्या हातात द्याचं, इथून हालाचं नाई. अन् तो गेला शेवटाले, जिथं शर्यत खतम होते तिथं. आम्ही उभे. समोर एक भिंत, पडकी, कंबरेइतकी, चारी बाजूनं काचेच्या माड्या अन् मधात हे पडझड — अन् लोक तिचे फोटो काढून राह्यले! मी म्हनलं, हे पाडाले पैसे नसन पुरले का यायच्या नगरपालिकेले? तं मंजुषानं आदल्या दिवशीच सांगतलं होतं, बाबा, हे रोमन लोकायची भिंत आहे, दोन हजार वर्षांची. रोमन म्हणजे कोण, तं इंग्रजायवर ज्यायनं राज्य केलं ते. खरं सांगू का भाऊ, हे आयकून मले इतकं बरं वाटलं! म्हनलं यायच्याही उरावर कोणी बसलं होतं तं. अन् आमच्या गावात असती अशी भिंत? बाया गोवऱ्या थापत्या तिच्यावर, अन् वरतून निवडणुकीचं चिन्ह. बुढी म्हणे, गोवऱ्या थापल्या असत्या तं भिंत तरी कामाची झाली असती.

मंग बुढीले जाचं होतं. समजलं ना? थंडी गजब, अन् सकाळपासून तिनं चहा पेला दोनदा. जवळच मोठी इमारत, दारावर माणूस, लोक फुकट अंदर जाऊन राह्यले. आम्हीही गेलो. ते निघालं चित्रायचं घर. भिंतीले भिंती चित्र, माणसाएवढे. एक लाल कोटातला जाडा साहेब, जेवण झाल्यावर बसवलेला, अन् त्याच्या पायापाशी कुत्रं — कुत्रं मात्र चांगलं काढलं होतं, साहेबापेक्षा त्याच्याच तोंडावर अक्कल दिसे. एक बाई होती, अंगावर धागा नाई, नदीच्या काठी बसलेली. बुढीनं पदर डोळ्यावर ओढला. मंग पदराच्या आडून पाह्यलं. म्हणे, कपडे धुवाले गेली असन, अन् इतक्यात हा चितारी आला, मेला. एका चित्रात गाय होती, बरगड्या मोजून घ्या अशी — बुढी थांबलीच तिथं. म्हणे, जितका वेळ हा रंगवत बसला तितक्या वेळात एक पेंढी टाकली असती तं काय झालं असतं?

जाचं ते होते खाली, तळघरात. गेलो पायऱ्या उतरून. ते झालं. अन् तिथून बाजूले पाह्यलं, तं अंधार, अन् अंधारात खाली खाली जुने दगड — वाकडी भिंत, अशी गोल जाणारी, मधात मोकळी जमीन, पाणी काढाची नाली. वरच्या चित्रायच्या घराच्या पोटात हे. बुढी उभी राह्यली. मले कोपरानं ढोसलं. म्हणे, आवो — हे तं खळं आहे!

अन् खळंच होतं ते, भाऊ! म्हणजे पाहाले खळंच. गोल. कडेले दगड, मधात तुडवलेली जमीन. पल्याड भिंतीवर हिरव्या उजेडाचे माणसं काढले होते, हात पसरलेले. बुढी म्हणे, पाहा, बुजगावणेही ठेवले. आता हारवेस्टर आले, खळं कोण करते? आमचंही कधीचं मोडलं, त्या जागी पंपाच्या मोटारीची खोली बांधली. पण बुढी नवरी होऊन आली तवा खळ्यातच आली होती पह्यले — हंगाम होता, घरात कोणी नव्हतं, माह्या मायनं तिच्या हातात सूप देल्लं अन् म्हनलं उफण. लग्नाची हळद निघाली नव्हती हाताची. वारा आला का ज्वारीचं भूस उडे अन् तिच्या डोक्यावर बसे, अन् मी बैलामागं फिरता फिरता पाहे... जाऊ द्या.

तं खळ्यात पायात घालून जात नाई. हे तुम्हालेही मालूम असन, तुमच्या बापाले तरी असन. बुढीनं चपला काढल्या, पायऱ्यापाशी जोडीनं ठेवल्या. माह्याकडे पाह्यलं. मीही काढल्या. अन् खळ्यात रिकाम्या हातानंही जात नाई — तं पोरीच्या पिशवीतले फुटाणे, मूठभर, दगडावर ठेवले तिनं अन् हात जोडले. पोरगी पळून पळून येईन, तिले द्याचे फुटाणे रोमनायले देल्ले! मी म्हनलं, हे काय करतं? म्हणे, खजूर आहे ना तिले.

आता गंमत आयका. आमच्या मागं लोक होते, गोरे, गळ्यात कॅमेरे. त्यायनं पाह्यलं, दोन म्हातारे चपला काढून हात जोडून उभे. त्यायले वाटलं तसा नियम असन. एकानं जोडे काढले. मंग त्याच्या बायकोनं. मंग कोणी इचारलंच नाई, जो पायऱ्या उतरे तो लेस सोडाले बसे! हे एवढी जोड्यायची रांग लागली, आपल्या सप्त्यात लागते तशी. काळ्या कोटातला राखणदार आला धावत. त्यानं रांग पाह्यली, आमच्याकडे पाह्यलं, काई तरी बोलला. बुढीनं त्याच्या पायाकडे बोट दाखवलं, म्हणे, बाबू, तू पह्यले जोडे काढ. अन् भाऊ, तो वाकला! अर्धा जोडा निघाला पायातून, मंग त्याले आठवलं का आपण इथं नोकरीले आहो.

तिथं एक हिंदी बोलणारी पोरगी होती, तिनं समजावून सांगतलं. म्हणे माताजी, हे खेत का काम नाई, इथं रोमन लोक माणसं लढवत, जनावरं लढवत, मरेपर्यंत, अन् पब्लिक बसून पाहे. बुढी तिथंच खाली बसली. त्या जमिनीकडे पाहत राह्यली. मंग म्हणे — पह्यले खळंच असन, मंग बिघडवलं यायनं. अन् फुटाणे उचलले का? नाई उचलले. म्हणे, मेले त्यायले होईन.

अन् तेवढ्यात वरतून ढोलाचा आवाज आला. शर्यत! मंजुषा! बुढी जे उठली, जे पायऱ्या चढली — या वयात, अनवाणी — मी माह्या चपलात कसातरी पाय घातला अन् तिच्या मागं, अन् तिच्या चपला राह्यल्या खालीच, रोमनायपाशी. आता हजार वर्षांनी कोणी खोदून काढन तं लिहून ठेवन का रोमन बायका वर्ध्याच्या बजारातल्या चपला घालत. ते चपला हरवणं आजपर्यंत आयकून राह्यलो मी. म्हणून हे पिशवी मांडीवर. खाली ठेवत नाई.

जे दार दिसलं त्यातून बाहेर निघालो, अन् ते दार निघालं नेमकं शर्यतीच्या अंदर. दोही बाजूनं लोखंडी जाळ्या, जाळीपल्याड पब्लिक, अन् मधात आम्ही दोघं अन् पळणारे. मागं फिरावं तं दार लागलं. बाहेर पडाले फट नाई. मंग काय करता? चाललो. पुढं. टोपीवाला बुढा अन् लुगड्यातली अनवाणी बुढी. अन् पब्लिक — भाऊ, केळ्याले वाजवल्या नाई इतक्या टाळ्या आम्हाले! शिट्ट्या, ढोल, एका बाईनं तं रडून घेतलं. त्यायले वाटलं हे म्हातारी पुरं एकवीस किलोमीटर अनवाणी आली. बुढी म्हणे, हे काऊन टाळ्या वाजवून राह्यले? म्हनलं, तुले पाहून. मंग ती प्रत्येकाले नमस्कार करे. कोणाले सोडे नाई. थांबे, हात छातीपाशी नेई, मान हालवे, पुन्हा चाले. थोडं चालली का थांबे, हात छातीपाशी. मी म्हनलं, अवं, किती नमस्कार करशीन? म्हणे, चाला तुम्ही.

नमस्कारच होता तो. मले तं नमस्कारच वाटला. डॉक्टरानं आज इचारलं, पह्यले कधी दम लागे का, छातीवर हात ठेवे का — म्हनलं नाई. ... नमस्कार करे, म्हनलं.

मंग मागून आवाज आला. "बाबा!" मंजुषा. घामानं भिजलेली, छातीवर नंबर, अन् डोळे असे. म्हणे, बाबा, तुम्ही माह्या पुढं कसे? म्हनलं आम्ही लवकर निघालो. तिनं मायच्या पायाकडे पाह्यलं, मंग तोंडाकडे पाह्यलं, अन् पळणं सोडून देल्लं. वर्षभर सकाळी उठून पळत होती पोरगी, त्या थंडीत, अमुक इतक्या वेळात पोचाचं म्हणून. सोडून देल्लं. मायचा हात धरला अन् चालत राह्यली. केळं पुढं गेलं, बरश पुढं गेला. बुढी म्हणे, अवं तू पळ ना, आम्ही येतो मागून! पण ऐकन ते पोरगी कोणाची? शेवटाले तिघंही पोचलो, अन् तिथल्या पोरीनं मंजुषाच्या गळ्यात मेडल घातलं, बुढीच्या गळ्यात मेडल घातलं, अन् मले केळं देल्लं. खाचं.

ते मेडल आता मोटारीच्या खोलीच्या किल्लीले बांधलं तिनं. म्हणे फीत मजबूत आहे. पण इकडे आल्यापासून एकच लावलं — माह्यापायी पोरगी मागं राह्यली. गावात कोणी लंडनचं इचारलं का मी खळं सांगतो अन् ती हे सांगते. म्हणून आज... अंदर नेऊन राह्यले अन् तिले शर्यतीचं पडलं. आता या साली तिचं माह्यापायी नाई राह्यलं पायजे. सांगजा नाई. दर शर्यतीच्या सकाळी बुढीच फोन करते तिले, काई नाई, एवढंच, जेवली का. आज तिचा फोन गेला नाई तं मीच केला, इथूनच, त्या कोपऱ्यात जाऊन. मंजुषा म्हणे माय कुठी आहे? मी म्हनलं वावरात गेली, भेंडी तोडाले. बरोबर सांगतलं ना? आवाज बिलकुल साधा ठेवला मी. तिकडे सकाळ होती, इकडे बारा वाजून गेले होते, उन्हाचा...

बारा वाजून गेले होते.

भेंडी बारा वाजता कोण तोडते? अजी, भेंडी तं उजाडता तोडते, बजाराच्या आधी, ऊन चढलं का नरम पडते ते. त्या पोरीनं शाळेत जाच्या आधी भेंडी तोडली आहे, बोटायले फडकं गुंडाळून. ते समजली नसन? समजली असन. म्हणूनच हूं म्हणून ठेवला फोन तिनं. मले वाटलं घाईत आहे.

पाहा बरं तुम्ही, तुमच्यापाशी चष्मा आहे. टिपका हालून राह्यला का? मघा इथं होता ना, या वळणापाशी? आताही इथंच आहे. हे चौकोनी दिसते ते काय — वाचा ना — चित्रायचं घरच आहे ना ते? तिथंच थांबली. काऊन थांबली? नेट गेलं असन, म्हणता? बाकीचं तं सगळं हालते. मंजू, पळ ना बापा. पळ.

वाजून राह्यला. तिचाच आहे. काय करू? उचलू का? नाई उचलला तं अजून...

हॅलो. हां, बोल. तू पळता पळता फोन काऊन करतं? ... थांबली? काऊन थांबली? ... माय ना, सांगतलं ना तुले, भेंडी... हो. ... हो, उन्हातच. ... ऐकत नाई ते, तुले मालूम आहे. ... आवाज? कायचा आवाज? बजारात आहो मी. ... बजारात नाव पुकारते आता, मशीन बसवली. ... कोणाचं नाव पुकारलं? ... मायचं? रंभाबाई? ...

मंजू.

मंजू, हे पाहा. सावंगीले आहो. सकाळी जरासंक दुखलं तिले. स्प्रिंग बसवून राह्यले, पंपात बसवते तशी, डॉक्टर हासला बेटा, चांगला हासला. ... नको रडू. लोक पाहून राह्यले असन तुह्याकडे. ... तिनंच सांगतलं होतं सांगू नका म्हणून. ... विमानाचं मंग पाहू, आधी...

थांब. थांब, दरवाजा उघडला.

हो हो, मी. रंभाबाईचा मी. काय झालं, सिस्टर? ... बाहेर आणून राह्यले? बोलते? ... काय मागते?

मंजू, आयकलं का? आयकलं का तू? माय चपला मागून राह्यली तुही! शुद्धीवर येऊन पह्यलं काय इचारलं, तं माह्या चपला कुठी आहे! ... हासतं काय, खरंच. ... आता तू पळ. नाई, आत्ता पळ. तिनं इचारलं तं मी काय सांगू, थांबली म्हणून सांगू? मले मारन ते. पळ. ठेवतो मी.

घ्या भाऊ, धरा हा फोन, पाहत राहजा टिपक्याकडे, मले दोही हातानं द्याच्या आहे चपला. येतोच मी. तुमचं कोण आहे अंदर, ते इचारलंच नाई मी... आल्यावर सांगजा, आयकतो. मी नाई बोलत मंग.

हालला? हालला ना? — बस.